कांद्याच्या ६३ पट्ट्या आणि रस्ट: जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

मी पंचवटीतल्या एका कृषी सेवा केंद्रात हिशोब बघते. बी.कॉम. झालेली, एक्सेल हातचा मळ, प्रोग्रॅमिंग शून्य. या नोंदी रात्री झोपण्याआधी वहीत लिहिलेल्या आहेत. इथे उतरवताना शिव्या तेवढ्या गाळल्या, चुका ठेवल्या. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा एकट्याने शिकायला बसलेल्या कुणाचे चार दिवस वाचले तर बरंच.

८ जून

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाव निफाड तालुक्यात. घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे बाजारात माल विकल्यावर व्यापारी देतो त्या हिशोबाच्या पावत्या, ठेवलेल्या आहेत. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांच्या, मोजून ६३. पिवळा पातळ कागद, कार्बनने उमटलेले आकडे, दोन-तीन उंदरांनी कुरतडलेल्या. नानांचा प्रश्न सरळ आहे: "हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं जाऊन कांद्याने मला दिलं किती, ते सांग."

हे एक्सेलमध्ये एका दुपारी झालं असतं, ते मलाही कळतं. पण मागच्या वर्षी एका क्लासला ६,००० रुपये भरले आणि तीन महिने नुसत्या व्याख्या पाठ केल्या. हातात खरं काम असल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, एवढंच तिथे कळलं. म्हणून आता या पट्ट्या.

रस्टच का? पुण्यातला मावसभाऊ म्हणाला, "ताई, पायथॉनने सुरुवात कर." बरोबरच सांगत होता. पण मला एकच फाइल पेनड्राइव्हवर नेऊन नानांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवायची होती, तिथे इन्स्टॉल करत बसायचं नव्हतं. रस्टमध्ये तशी फाइल निघते. (गो नावाच्या भाषेतही निघते, हेही त्यानेच सांगितलं.) शिवाय तो स्वतः ऑफिसात रस्ट शिकत होता, म्हणजे अडलं तर विचारायला घरचा माणूस. जुलैत त्याला रात्रपाळी लागली आणि तो आधारही गेला.

१० ते १५ जून

सहा दिवसांत एक ओळही लिहिली नाही. रस्टअप, म्हणजे रस्ट बसवणारा प्रोग्रॅम, चालवलं, त्याने मधेच व्हिज्युअल स्टुडिओच्या बिल्ड टूल्सबद्दल काहीतरी विचारलं, मी न वाचता पुढे गेले. मग पहिलाच प्रोग्रॅम: "लिंकर लिंक डॉट ईएक्सई नॉट फाउंड." दोन रात्री वाटलं रस्टच नीट बसलं नाही. तीनदा काढून परत टाकलं.

रस्ट बसलं होतं. विंडोजवर नेहमीच्या रस्टला शेवटची फाइल जोडायला मायक्रोसॉफ्टचा लिंकर लागतो आणि तो त्या बिल्ड टूल्समधून येतो. ते डाउनलोड काही जीबींचं. माझ्या फोनला रोज दीड जीबी. दोनदा अर्ध्यावर डेटा संपला, वरचे पॅक मारले त्यात २३० रुपये गेले. शेवटी लॅपटॉप दुकानात नेला आणि शेठ जेवायला गेले तेवढ्यात ब्रॉडबँडवर उतरवून घेतलं.

एक गोष्ट मात्र चांगली केली. "रस्टअप डॉक" असं टाइप केलं की सगळी अधिकृत कागदपत्रं इंटरनेटशिवाय उघडतात. रस्टबरोबर ती आपल्या मशीनवरच आलेली असतात. गावी रेंज नसताना हेच पुढे कामाला आलं.

१७ जून

वजन विचारायचं, भाव विचारायचा, गुणाकार छापायचा. वजन टाकलं १८, एंटर मारलं, आणि "इनव्हॅलिड डिजिट". १८ मध्ये इनव्हॅलिड काय आहे? पाऊण तास गेला. आपण मारलेला एंटरसुद्धा त्या मजकुरात शेवटी येऊन बसतो. पार्स करायच्या, म्हणजे मजकुराचा आकडा करायच्या, आधी ट्रिम करायचं, म्हणजे कडेची रिकामी जागा छाटायची. संपलं.

२१ जून

आज काम थोडं, पण एक गंमत कळली. मला वाटत होतं रस्ट म्हणजे लोखंडावरचा गंज. ग्रेडन होअर या माणसाने २००६ मध्ये स्वतःच्या हौसेने ही भाषा सुरू केली तेव्हा नाव घेतलं ते रस्ट बुरशीवरून. म्हणजे आपला तांबेरा! गव्हावर, सोयाबीनवर येतो तो. दिवसभर तांबेऱ्याची औषधं बिलात चढवायची आणि रात्री तांबेरा शिकायचा. मुलाला मात्र भाषेचा अनधिकृत शुभंकर आवडला, नारिंगी खेकडा. माझी प्रगती बघता तोच शोभतो.

२९ जून ते ३ जुलै

ज्याची सगळे भीती घालतात ते आलं. पट्ट्यांची यादी केली, म्हणजे व्हेक्टर. एक फॉर लूप लावून सगळ्या पट्ट्या छापल्या. खाली दुसरा लूप, बेरजेसाठी. कंपाइलर, म्हणजे लिहिलेलं तपासून त्याची चालणारी फाइल करणारा प्रोग्रॅम, म्हणतो ई०३८२, "यूज ऑफ मूव्हड व्हॅल्यू".

यादी कुठे गेली? वरच तर आहे! मी नाव बदललं, लूपची जागा बदलली, म्यूट (बदलायची परवानगी) लावलं, म्यूट काढलं. एका रात्री सगळं एकाच लूपमध्ये कोंबलं. चालत होतं, पण का चालतंय ते कळत नव्हतं, म्हणून पुसलं. ओनरशिपवर, म्हणजे यादीची मालकी कोणाकडे या रस्टच्या नियमावर, जेवढ्या उपमा सापडल्या तेवढ्या वाचल्या: घराची किल्ली, ग्रंथालयाचं पुस्तक, उसनी दिलेली सायकल. वाचताना पटायच्या, लॅपटॉपसमोर बसलं की पाटी कोरी.

पाचव्या दिवशी एरर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. पाच दिवस मी फक्त लाल ओळ वाचत होते. सगळ्यात खाली "हेल्प" लिहून त्याने सरळ सांगितलं होतं: यादीच्या नावाआधी & लावा, म्हणजे लूप यादी गिळणार नाही, नुसती बघेल. कुठे लावायचं तेही अधिक चिन्हाने दाखवलं होतं. एक चिन्ह. पाच रात्री.

यापुढचा नियम भिंतीवर चिकटवला: एरर खालून वर वाचायचा. तरीही नाही कळलं तर "रस्टसी एक्सप्लेन" आणि एररचा नंबर टाकायचा. छोट्या उदाहरणासकट उत्तर मिळतं, तेही इंटरनेटशिवाय.

१२ जुलै

आज ई०५०२. यादीवरून फिरता फिरता प्रत्येक महिन्याच्या शेवटी त्याच यादीत "एकूण" अशी ओळ घालायची होती. कंपाइलर म्हणे, कुणीतरी वाचतंय, तुला लिहिता येणार नाही.

हे मात्र लगेच कळलं, कारण दुकानात रोज बघते. उधारीची जाड वही शेठ लिहीत असले की कुणी त्यात डोकवायचं नाही. मागे एकदा शेठ जमा खोडून नवी लिहीत होते, तेवढ्यात मी शेजारून जुनाच आकडा वाचून गिऱ्हाइकाला सांगितला. ८०० रुपयांचा घोळ झाला, निस्तरायला दोन दिवस लागले. तेव्हापासून ठरलं: नुसतं बघायचं असेल तर चौघांनी मिळून बघा, पण एकाच्या हातात पेन असलं की बाकीचे लांब. कंपाइलरमधला बॉरो चेकर म्हणजे हेच. & म्हणजे बघणारा, कितीही असोत. &म्यूट म्हणजे पेनवाला, तो एकटाच.

उपाय: एकूण ओळी वेगळ्या यादीत जमवल्या आणि लूप संपल्यावर जोडल्या. दहा मिनिटं.

२० जुलै

आठवडाभर संततधार. लाइट तीनदा गेली. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), त्यात रस्ट ॲनालायझर (लिहितानाच चुका दाखवणारा) आणि सोबत ब्राउझर उघडला की माउससुद्धा हलत नाही. आधी ॲनालायझर बंद करून नोटपॅड प्लस प्लसमध्ये लिहिलं आणि दुसऱ्या खिडकीत "कार्गो चेक" मारत राहिले; फाइल न बनवता नुसत्या चुका दाखवणारी ती आज्ञा. मला वाटतं त्यामुळे माझी एरर वाचायची सवय पक्की झाली. मग महात्मा गांधी रोडवरून रॅमची जुनी ४ जीबीची पट्टी १,१०० रुपयांना घेऊन टाकली.

२ ऑगस्ट

पट्ट्या टाइप झाल्या. अर्ध्या मी दुकानात केल्या, अर्ध्या मुलाने फोनवर, पट्टीमागे एक रुपया घेऊन. प्रोग्रॅम माझ्या अर्ध्यावर चालतो, त्याच्या अर्ध्यावर पहिल्याच ओळीला "इनव्हॅलिड डिजिट". ट्रिम तर केलं होतं.

मुलाचा कीबोर्ड मराठी. त्याने वजन देवनागरी आकड्यांत लिहिलं होतं. रस्टच्या पार्सला फक्त इंग्रजी आकडे कळतात. गंमत अशी की "इज न्यूमेरिक" विचारलं तर देवनागरी ५ ला तो हो म्हणतो, आणि "टू डिजिट" विचारलं तर काहीच देत नाही. अंक आहे हे मान्य, किती आहे ते माहीत नाही!

उपाय हाताने केला. युनिकोडमध्ये शून्याचा क्रमांक २४०६, एकचा २४०७, असे ओळीने नऊपर्यंत २४१५. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. आठ ओळींचं फंक्शन. मी स्वतः विचार करून लिहिलेलं हे पहिलं. मावसभावाला रात्री बारा वाजता पाठवलं. त्याने सकाळी अंगठा दाखवला.

५ ऑगस्ट

बाजाराच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं होतं: निफाडचं नि, लासलगावचं ला. स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, ०..१ तुकडा मागितला. कंपाइलर काही बोलला नाही. चालवल्यावर पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम मधेच बंद: बाइट १ ही अक्षराची हद्द नाही, ती "न"च्या पोटात येते, ० ते ३ मध्ये.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. "नाशिक"ची लांबी विचारली तर १५. कॅर, म्हणजे युनिकोडची चिन्हं, मोजले तर ५, कारण काना वेगळा आणि वेलांटी वेगळी. डोळ्यांना दिसतात तीनच: ना, शि, क. तिन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न वेगवेगळे. रस्टच्या अधिकृत पुस्तकात हे समजावायला "नमस्ते" हाच शब्द देवनागरीत घेतलाय, हे नंतर दिसलं. तो भाग मी "हे आपल्याला येतंय" म्हणून उडी मारून गेले होते.

कॅरने पहिलं अक्षर काढलं तर निफाडचं नुसतं "न" येतं, वेलांटी मागेच राहते. शेवटी अक्षर काढायचा नाद सोडला आणि बाजारांचा इनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, केला: लासलगाव, निफाड, पिंपळगाव. दोन दिवसांनी दिसलं, ६३ पैकी दोन पट्ट्या विंचूरच्या आहेत. इनममध्ये विंचूर घातलं आणि कंपाइलरने आपणहून तीन जागा दाखवल्या: इथल्या मॅचमध्ये (प्रत्येक पर्यायाला काय करायचं ते लिहितात तिथे) विंचूर नाही, इथे नाही, इथेही नाही. एक्सेलमध्ये असली राहून गेलेली जागा मला मार्चएंडला सापडते. त्या रात्री ही भाषा पहिल्यांदा आवडली.

१४ ऑगस्ट

फाइलची पहिलीच ओळ वाचली जात नाही, बाकी ६२ बिनबोभाट. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक एक, इंग्रजी आकड्यात. तरी इनव्हॅलिड डिजिट. लांबी विचारली तर ४. एका आकड्याची लांबी चार?

एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण बसते, बीओएम. स्क्रीनवर दिसत नाही आणि ट्रिमनेही जात नाही, कारण रस्टच्या लेखी ती रिकामी जागा नव्हे. ती मुद्दाम कापावी लागते. अडीच तास.

२४ ऑगस्ट

ओळ स्वल्पविरामावर तोडत होते. काही रकमा "२५,४८०" अशा अवतरणात होत्या, त्यांचे दोन रकाने झाले. दोन रात्री स्वतः अवतरण सांभाळायचा प्रयत्न केला, मग सीएसव्ही नावाचं तयार क्रेट, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, घेतलं. आधीच घ्यायला हवं होतं.

याच आठवड्यात लाइफटाइम नावाच्या प्रकरणाशी गाठ पडली, ई०१०६. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एका पट्टीचे सगळे रकाने एकत्र ठेवतात त्या साच्यात, मजकुराचा नुसता संदर्भ ठेवायचा तर तो कुठवर जिवंत आहे ते लिहून द्यायचं. दोन संध्याकाळी डोकं लावलं आणि सोडून दिलं. सगळीकडे स्ट्रिंग ठेवली आणि जिथे अडलं तिथे क्लोन, म्हणजे सरळ दुसरी प्रत. जाणकार नाकं मुरडतील. ६३ ओळींच्या फाइलला क्लोनचा काय भार पडणार? नवीन माणसाने खुशाल क्लोन करावं असं माझं मत.

गणपतीत काही केलं नाही.

१३ सप्टेंबर

छापील तक्ता. रकाने एका रेषेत येईनात. बारा जागा धर म्हटलं तर रस्ट कॅर मोजून उरलेली जागा भरतो. लासलगावचे सात कॅर, पिंपळगावचे आठ, आणि डोळ्यांना दोन्ही पाच अक्षरी. त्यात विंडोजच्या काळ्या खिडकीत निम्मी अक्षरं चौकोन होऊन येतात.

यावर नऊ तास घालवले. फाँट बदलले, कोडपेज बदललं, जागा मोजणारं क्रेट लावलं. मग एका सकाळी पोहे परतताना सुचलं: काळ्या खिडकीत छापायचंच कशाला? प्रोग्रॅमने एचटीएमएल फाइल लिहायची, ती ब्राउझरमध्ये उघडायची. रेषा, जोडाक्षरं, प्रिंट, सगळं ब्राउझर बघतो. चाळीस मिनिटांत झालं.

सप्टेंबर अखेर ते दिवाळी

द्राक्षाची छाटणी. या दिवसांत दुकानात श्वास घ्यायला सवड नसते. नोंद नाही. दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली, उघडला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रिलीज मोडमध्ये, म्हणजे दुसऱ्याला द्यायची पक्की, फाइल काढली, पेनड्राइव्हवर घेतली (३५० रुपये) आणि गावी गेले. एकच फाइल, काही इन्स्टॉल नको, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नानांच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केलं. "व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल" सापडत नाही.

म्हणजे एकच फाइल पुरत नाही. मायक्रोसॉफ्टची ती लायब्ररी बहुतेक मशीनवर दुसऱ्या कशाबरोबर तरी आलेली असते. नानांच्या मशीनवर सॉलिटेअरखेरीज दुसरं काही नाहीच. गावी रेंज एक काडी. लॅपटॉप सोबत होता, रस्टअप डॉक उघडलं, संदर्भग्रंथात लिंकेजच्या पानावर उत्तर होतं: "सीआरटी स्टॅटिक" हा फ्लॅग लावून परत बांधायचं, म्हणजे ती लायब्ररी आपल्याच फाइलच्या पोटात येते. क्रेट आधीच उतरलेली होती, त्यामुळे इंटरनेटशिवाय बांधलं गेलं. भाऊ पाटावर बसून ओवाळायची वाट बघत होता.

ओवाळून झाल्यावर सगळे कॉम्प्युटरभोवती. तक्ता उघडला. नानांनी चष्मा लावला, बोट टेकवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"ही पट्टी कोणाची गं?"

ओळ २०१८ च्या डिसेंबरातली. हातात आलेली रक्कम: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,३७० रुपये १६ पैसे.

भाऊ म्हणाला, "आता ट्रॅक्टर घेऊ."

२४ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. ती पट्टी डब्यातून काढली. ६ क्विंटल ४० किलो, भाव १५० रुपये. झाले ९६०. हमाली-तोलाईचे ४६ आणि पिकअपचं भाडं १,०६०. म्हणजे हातात येणं दूरच, नानांच्याच खिशातून १४६ रुपये गेले. त्या हंगामाचे भाव आठवत असतील तर नवल वाटणार नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाडच्याच एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते.

मी रक्कम पैशांत, यू६४ मध्ये ठेवली होती. त्यात उणे आकडा बसतच नाही. पैसे उणे कसे असतील, असं मला जूनमध्ये वाटलं होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारीला तसंच वाटणार. शून्याच्या खाली गेलेला आकडा काटा उलटा फिरावा तसा दुसऱ्या टोकाला, दोनचा चौसष्टावा घात उणे १४,६०० वर जाऊन बसला.

मग घरी हे का दिसलं नाही? घरी प्रोग्रॅम चालवायची आज्ञा, कार्गो रन, डीबग (चाचणीच्या) मोडमध्ये चालते, तिथे असं झालं की प्रोग्रॅम पॅनिक होऊन थांबतो. पण घरी मी हिशोबाची चाचणी पहिल्या बारा पट्ट्यांवरच करायचे, त्या सगळ्या २०१७ च्या, भाव बरे असतानाच्या. पूर्ण ६३ चालवल्या त्या थेट रिलीजमध्ये, आणि रिलीजमध्ये ही तपासणी मुळातच बंद असते. तक्ता ओळीओळीने बघायचीही तसदी घेतली नव्हती.

दुरुस्ती: यू६४ काढून आय६४, ज्यात उणे आकडाही बसतो. कार्गोच्या फाइलमध्ये रिलीजखाली "ओव्हरफ्लो चेक्स" ट्रू. आणि तक्त्यात उणे रकमा लाल.

पाच महिने मला वाटत होतं की इतका खवट कंपाइलर, त्याने पास केलं म्हणजे बरोबरच असणार. त्याला काय माहीत कांदा विकून पदरचे पैसे जातात.

२ नोव्हेंबर

आता नानांनी प्रत्येक पट्टी हाताने ताडून बघायचं मनावर घेतलंय. फोनवर: "तोलाई चार रुपये पस्तीस लिहिलीय, तुझ्यात चौतीस पैसे दिसतात."

मी रुपयांचे पैसे करताना ४.३५ ला १०० ने गुणून पूर्णांक करत होते. कॉम्प्युटर असे दशांश आकडे अंदाजेच साठवतो, म्हणून ते ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, आणि पूर्णांक करताना रस्ट पुढचं सरळ छाटतो. पैसा गेला.

शहाणपणा केला: दशांश नकोच, मजकूर टिंबावर तोडायचा, डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे. दुसऱ्या दिवशी नानांचा परत फोन. साडेचार रुपयांची तोलाई चार रुपये पाच पैसे झाली होती. "४.५" लिहिलं की टिंबापुढे नुसता ५. एकच आकडा असेल तर शून्य जोडायची अट घातली. कंपाइलरने दोन्ही वेळा बिनतक्रार पास केलं.

१६ नोव्हेंबर

रविवारी गावी. नाना यादी घेऊन तयारच.

"४ फेब्रुवारी २०१९ ला लासलगावला माल गेला म्हणतेस?"

"हो, पट्टीवर तारीख आहे ना."

"सोमवती अमावस्या होती. लिलावच नव्हते." थोडं थांबून, "आणि उन्हाळ कांदा लिहिलाय. फेब्रुवारीत उन्हाळ कांदा कुठून आणला मी?"

पट्टी काढली. त्यावर ०२/०४/२०१९. दोन एप्रिल. दुकानातल्या एक्सेलने अमेरिकी पद्धतीने तो ४ फेब्रुवारी धरला आणि सीएसव्हीत तसाच लिहिला. बारापुढचे दिवस त्याला महिना म्हणून बसेनात, म्हणून ते जसेच्या तसे राहिले. त्यामुळे फाइल बघताना संशय आला नाही, निम्म्या तारखा बरोबरच होत्या. पट्ट्या उघडून एकेक तारीख बघितली. माझ्या ३१ पैकी अकरा उलट्या. मुलाने फोनवर केलेल्या सगळ्या बरोबर. त्याने त्याबद्दल वेगळे अकरा रुपये मागितले.

आता तारीख तीन वेगळ्या रकान्यांत लिहिते: दिवस, महिना, साल. एक्सेलला हात लावायला काही ठेवलेलंच नाही. शिवाय उन्हाळ कांद्याची तारीख फेब्रुवारीत आली तर प्रोग्रॅम इशारा देतो. अमावस्या मात्र प्रोग्रॅमला कळत नाही, ती नानांकडेच.

३० नोव्हेंबर

६३ पैकी ६१ पट्ट्या नानांच्या हाताच्या हिशोबाशी पैशापर्यंत जुळल्या. एक जुळेना ती माझी चूक, कार्बनमध्ये ३ चा ८ वाचला. दुसरीवर वजन १८ क्विंटल ६० किलो, भाव ८१०. प्रोग्रॅम म्हणतो १५,०६६. पट्टीवर १५,००६. मी कॅल्क्युलेटरवर केलं, नानांनी कागदावर केलं. १५,०६६.

साठ रुपये. तो व्यापारी केव्हाच दुकान गुंडाळून गेला. नानांनी पट्टी डब्यात परत टाकली नाही, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

खर्च: क्लासचे ६,००० (बुडीत), रॅम १,१००, पेनड्राइव्ह ३५०, डेटा २३०, मुलाची मजुरी ३२ अधिक ११. वेळ वहीप्रमाणे १८७ तास. त्यातले बॉरो चेकरवर जेमतेम तीस. देवनागरी, एक्सेल आणि विंडोजवर सत्तरच्या वर. कोड ४१२ ओळी, त्यात क्लोन २३ वेळा.

राहिलेलं: वाराई ही आणखी एक कपात काही पट्ट्यांवर हमालीतच धरलीय, काहींवर वेगळी आहे. नानांना ती स्वतंत्र रकान्यात हवीय. स्ट्रक्टमध्ये वाराई घातली आहे, कार्गो चेक सध्या नऊ जागा दाखवतोय.